एका पातेल्यातलं जेवण

(मंडळाच्या गणेशोत्सवात ऋषिपंचमीच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी मोठमोठी मंडळी बोलून जातात. कुणी ज्ञानेश्वरीवर बोलतं, कुणी देवी अहिल्याबाईंवर. आम्ही डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीला लागलेली माणसं. आमचं आयुष्य अंदाजपत्रकं आणि मोजमाप-पुस्तकं यांत जातं. त्यामुळे कार्यकारिणीनं "यंदा तुम्ही बोला" असं सांगितलं तेव्हा आम्ही ठरवलं, की ज्यात आपला हात चालतो त्यावरच बोलावं. आमच्या घरी रविवारचा स्वयंपाक आम्ही करतो, म्हणून विषय स्वयंपाकाचा. विषय आहे घरी केलेलं दाट, पोटभरीचं भाज्यांचं सूप: एक इटलीचं आणि एक आपलं.

आपलं कुठलं, असं तुम्ही विचाराल. आमचा पुतण्या इटलीत तोरिनोला शिकतो. तिथल्या थंडीत तो संध्याकाळी एकच पातेलं चढवतो आणि तेच दोन दिवस जेवतो. एकदा व्हिडिओ कॉलवर त्यानं ते पातेलं आजीला दाखवलं. आमच्या आईनं चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाली, "अरे, ही तर ऋषीची भाजी!" मग तिचं लक्ष त्यातल्या लालसर तुकड्यांकडे गेलं. "हे काय रे, रताळं?" तो म्हणाला, "नाही आजी, सॉसेज." पुढची दोन मिनिटं आई फक्त तिकडच्या हवामानाबद्दल बोलली.

गंमत सोडा, पण आईचं म्हणणं खरं होतं. आज ऋषिपंचमी, म्हणून त्याच धाग्यानं पुढे जाऊ.

आधी इटलीचं पाहू. तिकडच्या भाज्यांच्या दाट सुपाला मिनेस्त्रोने म्हणतात. मूळ शब्द मिनेस्त्रा, आणि त्याच्या मुळाशी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ वाढणं. पानात वाढलं जातं ते मिनेस्त्रा, आणि ते भरगच्च झालं की मिनेस्त्रोने. याची ठरलेली एक कृती नाही. परसात जे असेल ते पातेल्यात जातं: उन्हाळ्यात वेगळं, थंडीत वेगळं, समुद्राकाठी वेगळं, डोंगरात वेगळं. कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून तेलात मंद परतायची, त्यावर भाज्या, घेवड्याचे दाणे, पाणी, आणि शेवटी मूठभर पास्ता किंवा तांदूळ. तोस्कानात हेच सूप दुसऱ्या दिवशी पाव घालून पुन्हा उकळतात. त्याचं नावच रिबोल्लिता, म्हणजे पुन्हा उकळलेलं. आपल्याकडे कालची आमटी आज जास्त चांगली लागते, तीच गोष्ट.

सॉसेज त्यात घातलं जातं ते मसाल्यासारखं. मांस महाग असायचं. शेतकऱ्याच्या घरी डुक्कर वर्षातून एकदा कापलं जायचं आणि त्याचं मीठ-मसाला लावलेलं सॉसेज पुढे पुरवून पुरवून वापरायचं. दोन तुकडे सुपात पडले की सगळ्या पातेल्याला चव यायची. १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन माणसं अमेरिकेला गेली, बरीचशी दक्षिण इटलीतली गरीब शेतकरी. त्यांनी हे सॉसेज सोबत नेलं. आज अमेरिकेत दुकानात 'इटालियन सॉसेज' मागितलं की जे मिळतं, त्याची ओळख एका मसाल्यावरून होते. तो मसाला म्हणजे बडीशेप. आपण जेवणानंतर चघळतो तीच. बडीशेप आणि लसूण काढून घेतले तर ते साधं सॉसेज राहतं.

या चुलीचं एक टोक आपल्याकडेही आहे. पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आले आणि १९६१ पर्यंत राहिले. त्यांचा शोरिसो गोव्यात चोरीस झाला. गोव्याच्या माणसांनी त्यात लाल मिरची, लसूण, मसाले आणि व्हिनेगर घालून तो इतका आपलासा केला, की आता पोर्तुगालच्या माणसाला तो तिखट लागेल. पोर्तुगीजांचं बटाट्याचं आणि हिरव्या पाल्याचं काल्दो व्हेर्दे नावाचं सूप आहे, त्यात शोरिसोच्या चकत्या घालतात. तेही गोव्यात पोचलं, आणि तिकडच्या पाल्याऐवजी इथला पालक त्यात पडू लागला. माणूस जातो तिथे पातेलं नेतो, आणि पातेल्यात नव्या गावची भाजी पडते.

आता आपल्या पातेल्याकडे येऊ. १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्या आगेमागे इथे आले: कुणी फौजेत, कुणी दफ्तरात, कुणी पूजाअर्चेला. पुढे गिरण्यांत, शाळांत, रेल्वेत नोकरीला आणखी आले. सहा-सात पिढ्या झाल्या. आपल्या मराठीत हिंदी मिसळली, आपल्या पोह्यांवर शेव आणि जिरावण आलं, आणि ते पोहे साऱ्या गावाचे झाले. ऋषीची भाजी मात्र घराबाहेर गेली नाही. सराफ्यात भुट्ट्याचा कीस मिळतो, गराडू मिळतात, ऋषीची भाजी मिळत नाही. ती घरी झाली तरच असते, नाहीतर नसते. आज हा विषय मांडण्याचं मुख्य कारण हेच आहे.

नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. भाद्रपद शुद्ध पंचमीला सप्तर्षींची पूजा होते: कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ, सोबत अरुंधती. या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही असा नियम. नांगरलेल्या शेतातलं धान्य नको. परसात, कुंपणावर, बांधावर जे हातानं लावलं किंवा आपोआप उगवलं ते चालतं. पाचच दिवसांपूर्वी, अमावस्येला, पोळा झालेला असतो. एका दिवशी बैलाची पूजा करायची आणि या दिवशी त्याच्या कष्टाशिवाय जेवायचं, याची संगती आम्हाला फार आवडते. आता मालव्यात बैलाची जागा ट्रॅक्टरनं घेतली आहे, म्हणून कुणी म्हणेल की नियम आपोआप पाळला जातो! पण आपलं पान कुणाच्या तरी कष्टावर भरतं, याची वर्षातून एकदा आठवण ठेवायला काय हरकत आहे?

भाताऐवजी या दिवशी वरीचे तांदूळ. इथे त्याला मोरधन म्हणतात, आणि आपल्या शेजारच्या मालवी घरांतही ऋषिपंचमीला मोरधनच शिजतं. म्हणजे भाजी आपण आणली आणि भात शेजाऱ्यांशी जुळला.

आता साहित्य. बाजारात नावांचा घोटाळा होतो, म्हणून इंदूरची नावंही सांगतो. सहा-सात माणसांसाठी सुरण, म्हणजे जिमीकंद, पाव किलो. लाल भोपळा, म्हणजे कद्दू, पाव किलो. अळूची आठ-दहा पानं देठांसकट. ठेल्यावर अरबीचे पत्ते म्हणून मागा. लाल माठाची एक जुडी आणि जाड देठ मिळाले तर तेही. दोन देशी भुट्टे, स्वीट कॉर्न नको. एक दोडका, म्हणजे इथली तुरई. गिलकी म्हणजे आपली घोसाळी, तीही चालते. एक पडवळ, म्हणजे चिचिंडा. भेंडी, गवार आणि चवळीच्या शेंगा, म्हणजे बरबटी, प्रत्येकी मूठ-दोन मुठी. एक रताळं, एक कच्चं केळं, वाटीभर ओले शेंगदाणे. चिंच लिंबाएवढी, हिरव्या मिरच्या चार-पाच, ओलं खोबरं एक वाटी, मीठ. हळद नाही, फोडणी नाही, गरम मसाला नाही. तुपाच्या बाबतीत घरोघरी वेगळी चाल आहे. कुणी चमचाभर घालतात, कुणी अजिबात नाही. आपापल्या घरचं पाळावं.

हे सगळं मिळतं कुठे? चोइथराम मंडीत किंवा मालवा मिलच्या बाजारात सकाळी लवकर गेलात तर बहुतेक सगळं मिळतं. अळूसाठी मात्र मंडीपेक्षा ओळखीचं परस बरं. राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांत अजून कित्येक घरांमागे नळाच्या पाण्यावर अळू वाढतो, आणि घरातल्या माणसांना त्याचं काय करावं हे ठाऊक नसतं. विचारा, आनंदानं देतील.

आता कृती. आम्ही कामावर जसं आधी पाया, मग भिंत, मग छत हा क्रम पाळतो, तसा इथेही क्रमच सगळं सांभाळतो.

पहिलं काम अळू आणि सुरणाचं. या दोघांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात, ते घशात टोचतात, म्हणून खाज येते. चिरताना हाताला तेल लावा. सुरणाच्या फोडी चिंचेच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवून धुऊन घ्या. अळूची पानं आणि सोललेले देठ चिरून थोड्या चिंचेसह कुकरमध्ये तीन शिट्ट्या काढा. दोन्ही पूर्ण मऊ शिजले पाहिजेत. कच्चा अळू बोटानं चाखून पाहण्याचा उत्साह कुणी दाखवू नये.

दुसरं, जाड बुडाच्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवून आधी कठीण वस्तू घाला: भुट्ट्याचे दोन इंची तुकडे, शेंगदाणे, सुरण, माठाचे जाड देठ. दहा-बारा मिनिटांनी रताळं, कच्चं केळं, गवार, बरबटी. ते अर्धं शिजलं की भोपळा, दोडका, पडवळ, भेंडी. शेवटी माठाची पानं आणि शिजलेला अळू. मिरच्या मध्ये चीर देऊन घाला.

तिसरं, उरलेल्या चिंचेचा कोळ सर्वांत शेवटी, भाज्या शिजल्यावर. आंबट आधी पडलं तर भाज्यांचा कडकपणा लवकर सुटत नाही. तासभर उकळत बसलं तरी गवार चावरीच राहते. मग मीठ, ओलं खोबरं, पाच मिनिटं मंद आच, आणि झाकण. अर्धा तास मुरू द्या. भोपळा आणि अळू थोडे विरघळतात, त्यानं रस आपोआप दाट होतो. पीठ लावायची गरज नाही.

हाच नियम इटलीच्या सुपालाही लागू आहे. तिथे चिंचेच्या जागी टोमॅटो. राजमा किंवा घेवडा आधी पूर्ण शिजवून घ्यायचा, मगच टोमॅटोत घालायचा. आणखी एक योगायोग पाहा. त्यांचा टोमॅटो अमेरिका खंडातून आला. आपल्या या प्राचीन ऋषींच्या भाजीतला भुट्टा, लाल भोपळा, रताळं, शेंगदाणा आणि मिरची, हेही सगळं तिथूनच आलं, कोलंबसानंतर. म्हणजे आपल्या पूर्वजांनी नवी भाजी बाजारात आली म्हणून परंपरा मोडली असं मानलं नाही. तिला पातेल्यात जागा दिली.

आता तरुणांसाठी इटलीचं सूप, आपल्या घरात चालेल असं. मांसाहार करणाऱ्या घरांनी विसर्जन आणि पितृपक्ष झाल्यावर चिकनचं किंवा पोर्कचं सॉसेज आणावं, आधी पातेल्यात चांगलं परतून पूर्ण शिजवावं, आणि सुटलेल्या चरबीतच कांदा घालावा. आमच्या घरी शाकाहारी चालतं, आणि त्यासाठी इंदूरहून चांगलं गाव नाही. आपल्याकडे १९८७ पासून सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, आणि सोयाबीन मालव्याच्या शेताशेतात आहे.

एक वाटी सोया ग्रॅन्युल्स गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून घट्ट पिळा. त्यात दीड चमचा बडीशेप जाडसर कुटून, चार-पाच पाकळ्या लसूण, मिरपूड, लाल तिखट, मीठ, चमचाभर व्हिनेगर आणि बांधण्यापुरतं बेसन घाला. लहान गोळे करून तेलात खरपूस परता आणि बाजूला ठेवा. त्याच तेलात एक मोठा कांदा, दोन गाजरं आणि सेलरी बारीक चिरून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परता. सेलरी मिळाली नाही तर कोथिंबिरीचे देठ घाला. चव निराळी येते, पण वाईट नाही. मग बटाटा, कोबी, फरसबी आणि सहा वाट्या पाणी. भाज्या मऊ झाल्या की चार टोमॅटोंचा गर आणि वाटीभर शिजलेला राजमा. राजमा रात्रभर भिजवून कुकरमध्ये पूर्ण शिजवलेलाच हवा, अर्धकच्चा राजमा पोट बिघडवतो. शेवटची दहा मिनिटं मूठभर पास्ता, उतरवताना पालक आणि वरून ते सोयाचे गोळे. गोळे आधी घातले तर विरघळतात.

पावसाळा आहे म्हणून एक इशारा. पेल्लेग्रिनो आर्तुसी नावाचा लेखक इटलीत होऊन गेला. त्याचं १८९१ चं पाककलेचं पुस्तक तिकडे घराघरात असतं. त्यात मिनेस्त्रोनेच्या कृतीआधी तो एक आठवण सांगतो. १८५५ साली लिव्होर्नो गावात तो मिनेस्त्रोने जेवला आणि रात्रभर पोटात कळा आल्या. त्यानं सगळा दोष सुपाला दिला. दुसऱ्या दिवशी तो गाव सोडून गेला आणि मग कळलं, की गावात कॉलरा होता आणि ज्याच्या घरी तो उतरला होता तो माणूस त्यातच दगावला. सूप बिचारं निर्दोष होतं. तेव्हा पाणी उकळलेलं घ्या, पालेभाजी तीन पाण्यांतून धुवा, आणि उरलेली भाजी बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्ये ठेवा.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. मोठ्यांनी राग मानू नये.

या व्रताची जी कथा वाचली जाते, तिच्यात मासिक पाळीच्या दिवसांत भांड्यांना हात लावल्यामुळे एका बाईला पुढचा जन्म कुत्रीचा मिळतो, आणि त्या दोषाच्या निवारणासाठी हे व्रत. दोन वर्षांपूर्वी ही कथा आमच्या घरी वाचली गेली तेव्हा आमच्या मुलीनं विचारलं, "बाबा, मी काय दोष केला?" ती तेव्हा बारा वर्षांची होती. आम्ही सौ.कडे पाहिलं, सौ.नं आईकडे. आई जुन्या वळणाची, स्वतः तीस-पस्तीस वर्षं हे व्रत केलेली. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "काही नाही गं. चल, भुट्टे सोल." त्या वर्षीपासून आमच्या घरी सप्तर्षींची आणि अरुंधतीची पूजा होते, भाजी होते, ती कथा होत नाही. आणि अळू चिरायला आम्ही बसतो.

हे आम्ही उपदेश म्हणून सांगत नाही. पण भीती एवढीच आहे, की दोषाच्या गोष्टीला कंटाळून आपल्या मुली उद्या भाजीसुद्धा सोडून देतील. आपल्या वाडवडिलांनी दोनशे वर्षं जपलेलं पातेलं त्या एका गोष्टीपायी रिकामं होऊ नये. कथा काय वाचायची ते आपण घरोघर ठरवू शकतो. भाजी एकदा विसरली तर कुणाला विचारायचं?

दुसरी अडचण आपल्या घरांची. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, परदेशात. इथे दोघंच, किंवा एकटे काका, एकट्या काकू. ऋषीची भाजी दोन माणसांची होतच नाही. पाव पाव किलो म्हटलं तरी चौदा-पंधरा जिन्नस झाले, आणि गुडघे दुखत असताना मंडीत कोण जाणार? या वर्षी आम्ही ओळखीच्या घरांत सहज विचारलं. कितीतरी ठिकाणी उत्तर आलं, "पूर्वी करत होतो."

म्हणून आमचा एक प्रस्ताव आहे, आणि तो कार्यकारिणीपुढे लेखी दिला आहे. सरकारी सवय, लेखी असलेलं बरं. पुढच्या वर्षीपासून ऋषिपंचमीला मंडळाच्या अंगणात एकच मोठं पातेलं चढवावं. प्रत्येक घरानं एकच जिन्नस आणावा. कुणी कद्दू, कुणी भुट्टे, ज्यांच्या परसात आहे त्यांनी अळू. कोण काय आणणार याची यादी आठ दिवस आधी फळ्यावर लागेल, म्हणजे सगळेच भेंडी आणणार नाहीत. चिरण्याचं काम पुरुषांचं आणि कॉलेजच्या मुलांचं. किती चिंच, किती मीठ, उतरवायचं कधी, हे ज्येष्ठ काकूंनी खुर्चीवर बसून सांगायचं, आणि शेजारी एकानं वही घेऊन लिहून घ्यायचं. ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी डबा पोचवायचा. शेजारच्या मालवी कुटुंबांनाही बोलवायचं. मोरधन शिजवण्यात त्यांचा हात आपल्यापेक्षा बरा आहे.

खर्चाचा अंदाज आम्ही काढला आहे. मोठं पातेलं, गॅस, खोबरं आणि मोरधन एवढाच भार मंडळावर येईल, बाकी सगळं घरांतून. मांडवाच्या रोषणाईच्या मानानं ही रक्कम किरकोळ आहे. नापसंत असेल तर कार्यकारिणीनं तसा शेरा मारावा. पसंत असेल तर नावं आजच द्यावीत. वही प्रसादाच्या टेबलावर ठेवली आहे. सुरण आमच्या नावावर लिहून झालं आहे, तेव्हा ते सोडून बोला.



गणपती बाप्पा मोरया!